एकतीसचं नाटक

“बाई, तुम्ही फक्त एवढंच म्हणा की माझं रक्त बिघडलंय,” टेलर म्हणाला. “पुढचं मी बघतो.”

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “आणि खरा आजारी कोण?”

“माझा पोरगा. लिफ्ट दुरुस्त करतो. परवा दोन जिने चढून आला तर लोहाराच्या भात्यासारखा धापा टाकत होता. रोज घरात तळलेल्याचे तेलकट कागद. तपासून घे म्हटलं की अंगावर येतो. त्याची आई छातीनंच गेली. काजं करता करता मान टाकली.”

“मग तुमचं रक्त बिघडून त्याला काय फायदा?”

“स्वतःसाठी तो इकडची काडी तिकडे करणार नाही. पण माझ्यासाठी जीव टाकेल. मला चालायला नेईल, तर तोही चालेल. मला नीट खायला घालेल, तर तेच त्याच्या ताटात पडेल. घरातलं एक माणूस गेलं, बाई. दुसरं जाऊ देणार नाही.”

“मी पेशंटशी खोटं बोलत नाही, काका.”

“पेशंटशी कुठे? पेशंट तो. खोटं माझ्याबद्दल बोलायचंय.”

बाईंना हसू आलं. “बरं. पण रिपोर्ट तर लागेल. बाही वर करा.”

“मला काय धाड भरलीय?” म्हणत टेलरनं बाही वर केली. नाटक करायचं तर नीट करावं.

रिपोर्ट आल्यावर बापलेक बाईंसमोर बसले.

“चांगलं कोलेस्टेरॉल एकतीस,” बाई म्हणाल्या. “पुरुषाचं चाळीसच्या वर हवं.”

“चांगलं म्हणजे काय करतं ते?” पोरानं विचारलं.

“रक्तात चरबीचा कचरा साचतो, तो उचलून नेतं. दुकानात चिंध्या पडतात आणि कुणीतरी झाडून काढतं ना, तसं.”

टेलर क्षणभर नाटक विसरला. दुकानातल्या चिंध्या त्याची बायको झाडायची. ती गेल्यापासून त्या मशीनखाली तशाच साचल्या होत्या.

मग भानावर येऊन त्यानं पोराच्या नकळत बाईंकडे बघून डोळे मिचकावले. बाईंचा चेहरा ढिम्म. काय कलाकार आहे, टेलर मनात म्हणाला.

“रोज घाम येईपर्यंत चालायचं. तळलेलं बंद. कडधान्यं, अक्रोड, जवस, मासे खायचे. आणि सिगारेट आजपासून सोडायची.”

टेलर दचकला. हे ठरलं नव्हतं. पण पोरगा बघत होता. त्यानं खिशातलं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

“माशाच्या तेलाच्या गोळ्या घेतल्या तर?” पोरगा म्हणाला.

“घ्या. पण गोळी म्हणजे मदतनीस. खरे कारागीर तुमचे पाय.”

दुसऱ्या दिवसापासून पोरगा हात धुऊन मागे लागला. सकाळी पांघरूण ओढायचा. इमारतीच्या लिफ्टसमोर आडवा उभा राहायचा.

“अरे, ही लिफ्ट तूच दुरुस्त केलीस ना?” टेलर करवादायचा.

“म्हणूनच सांगतोय बाबा, तिच्यात बसू नका.”

स्वयंपाकघरातली कढई माळ्यावर गेली. उकडलेली कडधान्यं ताटात आली.

“हे गुरांनी खायचं.”

“गुरांना कधी हार्ट अटॅक आलेला ऐकलाय? खा मुकाट्यानं.”

टेलर नाक मुरडायचा आणि दोन घास जास्तच खायचा. आपण खाल्लं तर पोरगा खाईल. गोळी हातात घेऊन म्हणायचा, “ही गोळी आहे की ओव्हरकोटचं बटण?” पोरगा आधी स्वतः एक गिळून दाखवायचा. टेलरला तेच हवं असायचं.

सुरुवातीला चालताना टेलर पहिल्याच वळणावर बाकावर बसायचा, छातीला हात लावून. खरं तर दमही लागायचा, पण तो वयाचा. आपण किती बेमालूम वठवतोय याचं त्याला कौतुक वाटायचं. पोरगा शेजारी शिटी वाजवत उभा असायचा. चला, सुधारतोय, टेलर खूश व्हायचा.

हळूहळू बाक मागे पडला. मग बागेचं फाटकही मागे पडलं. टेलरनं स्वतःची पँट कमरेत दोनदा आत घेतली. पोरानं मात्र स्वतःची पँट आत घ्यायला एकदाही आणून दिली नाही. लाजत असेल, टेलरला वाटलं. एका सकाळी दुकान उघडल्यावर त्यानं झाडू घेतला, मशीन बाजूला सरकवलं आणि कोपऱ्यातली शेवटची चिंधीसुद्धा बाहेर काढली. मग बऱ्याच दिवसांनी गुणगुणत कापड बेतायला घेतलं.

काही महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. टेलरनं हट्टानं पोरालाही रक्त द्यायला लावलं. “बापाला सोबत म्हणून तरी दे!”

बाईंनी रिपोर्ट उघडला. “काका, त्रेचाळीस!”

पोरानं टेबलावर थाप मारली आणि बापाला खुर्चीसकट कवेत घेतलं. “जिंकलात, बाबा! जिंकलात!” त्याचे डोळे भरून आले होते. टेलरचा ऊर भरून आला. खोट्या आकड्यासाठी पोरगा रडतोय, आता खरा आकडा कळायला हवा.

“माझी टोपी खाली बाकावर राहिली वाटतं. बघ रे जरा.”

पोरगा गेला. टेलर पुढे सरकला. “बाई, मानलं तुम्हाला. एकतीस काय, त्रेचाळीस काय! पापणीसुद्धा हलली नाही. आता पोराचं खरं काय ते सांगा.”

“काका, मी पेशंटशी खोटं बोलत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.”

टेलरचा हात आपसूक छातीवर गेला.

“म्हणजे... एकतीस...?”

“तुमचंच. आणि त्रेचाळीसही तुमचंच. तुम्ही कमावलेलं.”

“आणि पोराचं?”

“अठ्ठावन्न. त्याला काहीही झालेलं नाही. तुम्ही यायच्या आठवडाभर आधी तो याच खुर्चीत बसला होता. म्हणाला, ‘आई गेल्यापासून बाबा स्वतःसाठी पाऊल उचलत नाहीत. आता मी जिना चढताना धापा टाकणार आहे, म्हणजे माझ्यासाठी ते तुमच्याकडे येतील. आले की तेवढं त्यांचं रक्त घ्या.’”