फळीवरचं लग्न

"फुलांची कमान काढ," ती म्हणाली.

त्याने रंधा उचलला आणि फळीवरून एकदा फिरवला. पेन्सिलीने लिहिलेली कमान लाकडाच्या पातळ सालीबरोबर वेटोळी होऊन खाली पडली.

तो कामाला होता त्या सुतारखान्यात हिशेब असाच व्हायचा. लिहायला कागद कधी सापडत नसे, फळ्या मात्र भरपूर. चुकलं की रंधा मारायचा. लग्नाचा खर्चही दोघांनी तसाच मांडला होता आणि फळी आता बरीच पातळ झाली होती. रोषणाई गेली होती. बँडवाले गेले होते. तिच्या आत्याच्या दिरांचं अख्खं कुटुंब गेलं होतं.

"ते रुसतील हां," तो म्हणाला.

"रुसू देत. एरवी ओळख नाही. बसमध्ये भेटले की तेवढी आठवते, तिकीट काढायला नको म्हणून."

ती कंडक्टर होती. जेवणाच्या सुट्टीत गणवेशातच आली होती. सुट्टी संपायच्या आत आकडा बसवायचा होता, कारण हॉलवाल्याला आज उत्तर द्यायचं होतं. दोघांच्या पगारातून साठलं तेवढ्यातच लग्न करायचं, कुणापुढे हात पसरायचा नाही, हे ठरलेलं होतं.

कोपऱ्यात मिस्त्री खुर्चीचा पाय काचकागदाने घासत बसले होते. दुकान त्यांचं. बायको गेल्यापासून ते दुपारी जेवायला घरी जात नसत.

"काका, तुम्ही कुणाच्या बाजूने?" तिने विचारलं.

"मी खुर्चीच्या बाजूने," मिस्त्री म्हणाले. "ती डुगडुगतेय."

आकडा अजून बसत नव्हता. हॉल, जेवण, कपडे, हे काही हलणार नव्हतं. मग उरल्या दोनच गोष्टी. नवरीला आणायला सजवलेली गाडी आणि लग्नानंतर चार दिवस समुद्रावर. दोन्हींतली एकच राहू शकत होती.

"गाडीला हात लावायचा नाही," तो म्हणाला. "रोज दिवसभर उभी असतेस. त्या दिवशी तरी आरामात बसून ये."

समुद्र दोघांनीही पाहिलेला नव्हता. तिथल्या लॉजवाल्याशी फोनवर तीच बोलली होती. खोलीच्या खिडकीतून पाणी दिसतं ना, हे तिने पुन्हा पुन्हा विचारलं होतं. शेवटी तो माणूस वैतागून म्हणाला होता, बाई, पाणी दिसतं, नाही दिसलं तर पैसे परत.

तिने फळीवर बोट टेकवलं.

"समुद्र काढ."

"नक्की?"

"हो रे. जाऊ नंतर कधीतरी, जरा हात सैल झाला की. समुद्र काय पळून चाललाय?"

त्याने रंधा उचलला.

"समुद्र नाही पळत," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी मान वर केली नव्हती. घासण्याचा आवाज थांबला होता, तेवढंच.

तो रंधा हातात धरून तसाच उभा राहिला. तिने एकदा मिस्त्रींकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग पुढे होऊन तिने रंधा आपल्या हातात घेतला आणि फळीवरच्या गाडीवर ठेवला. तिला तो चालवता येत नव्हता. अर्ध्यात अडकला. त्याने मागून तिच्या हातांवर हात ठेवले आणि दोघांनी मिळून पुढे ढकलला.

गाडी गेली.

"आता हॉलवर येणार कशी तू?" त्याने विचारलं.

"चालत."

"नवरी चालत येणार?"

"मला कंटाळा उभं राहायचा आहे. चालायचा नाही. तू घरी ये न्यायला, बरोबरच जाऊ."

"अगं, लोक बघतील."

"बघू देत की. मग एवढी नटणार कशाला आहे मी?"

त्याला हसू आलं. तिने टोपी घातली, खांद्याला पिशवी अडकवली आणि हॉलवाल्याला फोन लावत दाराकडे निघाली.

कोपऱ्यातला आवाज पुन्हा सुरू झाला.

"दुपारचं ऊन असतं त्या रस्त्याला," मिस्त्री खुर्चीच्या पायाकडे बघत म्हणाले. "सावलीच्या बाजूने या."