कागदाच्या टोपल्या

मासिकानं गोष्ट परत पाठवली की उत्रोलीचा मास्तर कागदांचं पुडकं आईपुढं टाकायचा. ती ते मेथ्यांबरोबर भिजवून कुटायची आणि लगद्यानं बांबूच्या टोपल्या लिंपायची. घरातला तांदूळ असा त्याच्या गोष्टींतल्या चंद्रावरच्या राजवाड्यात नि समुद्राखालच्या आगगाडीत राहायचा. मंगळावरची नवी गोष्ट मात्र छापून येणारच, अशी त्याची खात्री होती. लढाईमुळं कागद मिळेना, म्हणून नक्कलही केली नव्हती. बाजाराच्या दिवशी भोरच्या टपालात टाकण्यासाठी त्यानं कोनाड्यात हात घातला, तर कोनाडा रिकामा. "आये, हितलं पुडकं?" "भिजवलं की." "त्ये आजून धाडलंच न्हवतं!" "ठावं हाय," मुसळ न थांबवता ती म्हणाली. "परत आलं की तू दोन-दोन दिस उपाशी ऱ्हातोस. म्हनलं, या बारीला तेवढं चुकंल." उखळातला लगदा शाईनं निळा झाला होता. तिनं हात धुऊन ताट वाढलं. तो जेवला.