घरचा पाठिंबा

त्या सकाळी नौपाड्यातल्या घरी पोहे खाता खाता बाबांनी नीरजापुढे तीन कोटेशनांच्या झेरॉक्स ठेवल्या. "बघ गं, सरकारी खरेदी! कंपन्या तीन आणि तिन्हींचं अक्षर एकच. तिळी भावंडं दिसतायत." आणि स्वतःच हसले. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या खुर्चीतच ते गेले.

वर्षभराने त्याच ऑफिसात खरेदी विभागातल्या कर्मचाऱ्यांसाठी पारदर्शकतेचं प्रशिक्षण होतं. नीरजाला खास बोलावलं होतं. पडद्यावर तीच तीन कोटेशनं आली. "हे त्र्यंबकरावांनी पकडलं. एकट्यांनी!" साहेब म्हणाले. टाळ्या पडल्या. असल्या आक्षेपांपायीच बाबांची दोनदा बदली झाली होती, ती याच साहेबांच्या हातून. "पण घरचा पाठिंबा असल्याशिवाय असा माणूस उभा राहत नाही. नीरजाताई, दोन शब्द बोला ना."

नीरजाने माइक घेतला. 

"बाबा एकटे होते, हे साहेबांचं बरोबर आहे," ती म्हणाली. "'सगळे करतात, तुम्हीही सही करून टाका,' असं ऑफिसात त्यांना तुम्ही सांगायचात. घरी मी सांगायचे."