हळदीचे थर

विमलताईंनी सासऱ्यांची शंभराची जुनी नोट ऑनलाइन लिलावात टाकली आणि तिथल्या तपासनीस यंत्राने लगेच बोली थांबवली. "नोट जुनी दिसावी म्हणून रंग लावलाय."

"रंग कसला मेल्या, हळद आहे ती! दर लक्ष्मीपूजनाला लावते मी."

"आई, नीट बोला ना," सून पुटपुटली. नोट खोटी ठरली तर दारात पोलीस येणार होते.

यंत्राने फोनच्या कॅमेऱ्यातून हळदीचे थर आणि त्यांची वयं मोजली. "वर्षाला एक, असे एकोणचाळीस. पण दोन हजार सहाचा थर नाही."

विमलताईंचा आवाज खाली आला. "त्या वर्षी हे गेले. दिवाळी केलीच नाही."

हिरवा दिवा लागला. सुनेच्या जिवात जीव आला.

"नोट अस्सल आहे," यंत्र म्हणालं. "खोट्या नोटेत एकही वर्ष सुटलं नसतं."