धाकट्याचं दुकान

धाकट्या भावाने माझ्या दुकानासमोरच शिवणकामाचं दुकान थाटलं. विजेच्या मशीन आणल्या, कारागीर बसवले. माझा एक शर्ट होईपर्यंत त्याच्याकडे ढीग लागायचा. माझी जुनी गिऱ्हाइकं माझ्या नजरेला नजर न देता एकेक करून त्याच्याकडे गेली. दिवसभर मी त्याच्या दाराकडे बघत जळायचो आणि आपलं दुकान कायमचं बंद करावं, असं मनात घोळत राहायचं.

"तिकडे काय बघत बसता? सुई बोटात घुसेल," बायको म्हणायची.

"कात्री कशी धरायची, ते मी शिकवलंय त्याला."

"मग छानच शिकवलंत. भाऊजींनी पहिला तुमचाच धंदा कापला."

काल भर दुपारी धाकटा रस्ता ओलांडून आला. आता हा बढाई मारणार, म्हणून मी मान वर केलीच नाही. दुकानात काम खोळंबल्यासारखा तो घाईत होता. अंगातला शर्ट काढून त्याने माझ्या मांडीवर ठेवला आणि बनियनवरच बाकावर टेकला.


"दादा, एवढं बटण लावून दे. आमच्याकडे असली किरकोळ कामं घेत नाहीत."