बसल्या उंचीचा ट्रायपॉड

दुर्बिणीसाठी ट्रायपॉड घ्यायला आलेली उम्मेहानी स्टुलावर बसूनच एकेक पारखू लागली, तसा दुकानदार हसला. “ताई, रामलिंगच्या रानात पक्षी बसून बघणार व्हय? हा उंच घ्या, हलकाय.” “पक्ष्यांसाठी वाकीन की मी,” ती म्हणाली. हलका तिला नकोच होता. येडशीला त्यांच्या गच्चीवर वारं लई, अन् ईदचा चाँद दहा मिनिटांचा पाहुणा. साऱ्या मोहल्ल्यात तो आधी अब्बांना दिसायचा. गेल्या साली मात्र शेजारच्या गच्च्यांवर चाँदाचा गलका झाल्यावर खुर्चीतल्या अब्बांनी “दिसला, दिसला” म्हणत भलतीकडंच बोट दाखवलं होतं. ते फक्त लेकीनं पाहिलं. तिनं जड, बुटका ट्रायपॉड निवडला. एकोणतिसाव्या रोज्याला, मगरिबच्या नमाजनंतर, अब्बांनी खुर्चीतूनच दुर्बिणीला डोळा लावला. बारीक कोर दिसली. मग दुआसाठी उचललेले हात मध्येच थांबले. “बेटा,” ते हळूच म्हणाले, “गेल्या साली दिसला न्हवता.”