अस्मिताची वाफेवरची भाजी

वाफेवरच्या भाजीच्या तिसऱ्या दिवशी गॅसवरच्या गंजातलं पाणी आटलं आणि घरभर करपल्याचा वास सुटला. रुखमाबाई दिवाणावरून उठून स्वयंपाकघराच्या दारात आल्या. त्यांची सून अस्मिता काळा पडलेला गंज नळाखाली धरून उभी होती. ओट्यावर चाळणीत गाजराचे तुकडे तसेच कच्चे पडले होते.

पहिल्या दिवशी पाणी जास्त झालं होतं. चाळणी त्यात बुडाली आणि भाजीचा लगदा झाला. दुसऱ्या दिवशी फुलकोबी विरघळली, पण गाजर काही शिजलं नाही. वाफवायचं भांडंच घेऊन येतो, असं तिचा नवरा अनंत म्हणाला, तर ती म्हणाली, दीड-दोन महिन्यांचाच तर प्रश्न आहे.

ते वाक्य रुखमाबाईंच्या मनात रुतून बसलं. दीड-दोन महिन्यांनी काय होणार होतं?

रुखमाबाई कुही गावच्या. धानाची शेती दिराच्या हवाली करून त्या चार महिन्यांपासून नागपुरात मुलाकडे राहत होत्या. यकृत खराब झालंय, ऑपरेशन करावं लागेल, नंबर लागला की बोलावतील, एवढंच अनंतनं त्यांना सांगितलं होतं. तोवर पडून राहायचं. पडल्या पडल्या माणूस करणार काय, घरात कोण काय करतं ते पाहणार.

त्यांचं जेवण अळणी होतं, पण ते डॉक्टरांनी ठरवून दिलेलं. या धडधाकट पोरीला काय झालं होतं? वर्षभर तेलाच्या झणझणीत तर्रीवाचून हिचा रविवार सरत नव्हता. आता ना तेल, ना फोडणी. सकाळी साडेपाचला फिरायला जायची ती घामाघूम होऊन यायची. महिन्याभरात तिचे ड्रेस अंगावर लोंबायला लागले. समोरची प्रेमिला एकदा हळूच बोलून गेली, की नोकरी करणारी बाई अशी एकाएकी बारीक व्हायला लागली तर जरा लक्ष ठेवावं.

तरीही भांडं जळताना पाहून रुखमाबाईंना राहवलं नाही.

"काहून भांडे जाळून राहिली वं? खाली वाटी पालथी घाल, तिच्यावर चाळणी ठेव. अन् झाकणाले ओलं फडकं गुंडाळ, म्हंजे वाफ जात नाही."

गावाकडे डाळीचे फुनके वाफवताना गंजात खाली धानाचं तणस, म्हणजे वाळलेला पेंढा टाकतात, तेही त्यांनी सांगितलं. गाजर आधी, फुलकोबी मागून. अस्मितानं सांगितलं तसं केलं. दहा मिनिटांनी झाकण काढलं, तर भाजी नेमकी झाली होती. तिनं गाजराचा एक तुकडा फुंकर मारून सासूच्या हातावर ठेवला. गोड लागला. रुखमाबाईंना क्षणभर वाटलं, आपणच वाकडं पाहतो आहोत.

तेवढ्यात अस्मिताचा फोन वाजला. ती गॅलरीत गेली आणि दार ओढून घेतलं. खिडकीतून आवाज येतच होता. वकिलाकडून स्टॅम्पपेपर करून आणलाय, ती सांगत होती, नवऱ्याची सहीही झाली आहे. मग आवाज खाली आला.

"सासूबाईंना एवढ्यात नका सांगू. त्या होऊ देणार नाहीत."

रुखमाबाईंच्या तोंडातला गोडवा कडू झाला.

दुसऱ्या दिवशी दोघं कामावर गेल्यावर त्यांनी कपाट उघडलं. साड्यांखाली पाकीट सापडलं. त्या चौथी शिकलेल्या, मजकूर इंग्रजीत. पण स्टॅम्पपेपर ओळखू आला, त्यावर चिकटवलेला अस्मिताचा फोटो ओळखू आला, आणि अनंतची सही तर त्यांनी शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून पाहिलेली. फारकतीचे कागद आणखी कसे असतात?

अनंतला विचारलं, तर त्यानं मान खाली घातली. आई, तू टेन्शन घेऊ नको, एवढंच म्हणाला. पोराचा चेहरा उतरला होता. दोन दिवस त्या सुनेशी बोलल्या नाहीत. तिनं आणून दिलेलं पाणीही तसंच राहू दिलं. तिसऱ्या दिवशी अस्मिता भाजी चिरत असताना त्या समोर जाऊन बसल्या.

"तुले जायचं असन तर जाय. पण मले अंधारात ठेवून जाऊ नको."

अस्मिताची सुरी थांबली.

"सोमवारी सगळं कळेल, आई. तुम्हालाही सोबत यायचंय. तिथं तुमची सही लागणार आहे."

तिचे डोळे भरले होते, ते रुखमाबाईंनी पाहिलं. बाई निदान दगडाची नाही, असं त्यांना वाटलं. सोमवारपर्यंत त्यांना आपलंच काय काय आठवत राहिलं. आपल्या आजारपणाला ही पोर कंटाळली असणार. गोळ्या, पथ्य, ओकाऱ्या, रोज धुवायच्या चादरी. आपण वेळेवर कुहीला परतलो असतो, तर पोराचा संसार वाचला असता.

सोमवारी रिक्षा धंतोलीत त्यांच्या नेहमीच्या दवाखान्यापाशी थांबली. आधी आपली तपासणी उरकून घेतील, मग पुढं नेतील, असं त्यांना वाटलं. पण अनंतनं त्यांना धरून वरच्या मजल्यावर नेलं. तिथं लांबलचक टेबलामागं पाच जण कागद घेऊन बसले होते. फारकत करून देणारे ते हेच, असं रुखमाबाईंनी धरलं. मधल्या बाईंनी अस्मिताला समोरच्या खुर्चीत बसवलं.

घरच्यांनी जबरदस्ती केली का, असं त्यांनी विचारलं. नाही, अस्मिता म्हणाली. नवरा राजी आहे का? आहे. नीट विचार केलाय ना? अजूनही तुम्ही नाही म्हणू शकता, तुम्हाला कोणी दोष देणार नाही.

"विचार करूनच आले," अस्मिता म्हणाली.

रुखमाबाईंना ऐकवेना. भिंतीचा आधार घेत त्या उठल्या.

"बाई, तिले मोकळी करा. मी अडवत नाही. माह्या दुखण्यापायी तिनं लय सोसलं. माह्यावर राग असन तर मी आजच गावाले जातो, पण या दोघायले तोडू नका."

त्या बाईंनी कागदांवरून नजर उचलून अनंतकडे पाहिलं. "यांना तुम्ही सांगितलंच नाही?"

अस्मिता खुर्चीवरून उठली. सासूचे हात तिनं आपल्या हातांत घेतले.

"मी कुठं नाही जाऊन राहिली, आई," ती म्हणाली. "माझं अर्धं यकृत काढून तुम्हाला बसवणार आहेत. त्याच्यावरची चरबी उतरावी म्हणून तर ती वाफेवरची भाजी."